परवानगी क्रमांक सत्तेचाळीस

आदल्या दिवशी फोन करायचा. न विचारता आलेल्याला
क्रेगनार्नच्या तळावर कुणी पाणी विचारत नाही.
पलीकडे सार्जंट पिअर्स, सर्दीनं बसलेला आवाज:
विमान कुठलं? इंजिनं किती? येण्याचं कारण?
एक, मी म्हटलं. दोन आसनं, शेपटीला चाक.
कारण, ससाण्याचा पाय.
तो जरा थांबला. मग विचारलं, डावा की उजवा,
आणि तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी सूचनांचा कागद आला, पाठपोट छापलेला.
त्यांचा शून्य वेगळा आहे.
ऑर्कनीहून निघताना मी उंची समुद्रापासून मोजते,
हे लोक त्यांच्या स्वतःच्या जमिनीपासून.
काटा त्यांच्या दाबावर आणा, म्हणजे टेकाल तेव्हा
उंची काहीच उरणार नाही.
किनारा ओलांडताना दोनशे बारा फूट
मी मुकाट सोडून दिले.

दारूगोळ्याच्या टेकडीवरून जाऊ नका.
मेंढ्यांवरून जा. मेंढ्यांना सवय आहे.
जेट डावीकडून येईल, दिसेपर्यंत गेलेलं असेल,
आणि ते गेल्यावर हवेत जे मागे राहतं
त्याला रंग नाही, आवाज नाही,
ते तुमचं विमान पालथं घालू शकतं.
तीन मिनिटं थांबा.
मी घड्याळ लावून थांबले, मेंढ्यांवर गोल गोल फिरत.
एकीनंही मान वर केली नाही.

आणि दोर.
धावपट्टीला आडवा, पोलादी, अंगठ्याएवढा जाड,
रबरी चकत्यांवर बोटभर उचललेला,
वेग न आवरणाऱ्या लढाऊ विमानाला
पोटाखालच्या आकड्यानं धरून ठेवायला.
तुमच्या चाकाला तो धरणार नाही, अडखळवेल.
उंबऱ्यावर पाय देऊ नये, पलीकडे टाकावा,
एवढं सांगायला त्यांनी अकरा ओळी घेतल्या होत्या.
मी पलीकडे टाकला.

कागदाच्या तळाशी, बारीक अक्षरात:
पक्षी. धोका कमी.

तो कमी ठेवणारी हॅंगरमागच्या खोलीत बसली होती,
डोळ्यांवर कातडी टोपी, एक पाय पोटाशी घेऊन.
तिचं नाव टिझल. फर्कर टुलॉक तिला नऊ वर्षं
रोज उजाडता धावपट्टीवर सोडतो.
ती फार मारत नाही, तो म्हणाला. नुसती दिसते.
टिटव्यांना तेवढं पुरतं.

तळव्याला वाटाण्याएवढी गाठ, मधोमध काळी खपली.
कशावर बसते?
त्यानं काँक्रीटचा ठोकळा दाखवला,
सुबक, पांढरा रंगवलेला, वर तळाचं बोधचिन्ह.
कुणा हवाई सैनिकानं सुटीच्या दिवशी हौसेनं केलेला.
नऊ वर्षं त्याच्यावर उभी राहून
दुसऱ्यांच्या इंजिनांची काळजी वाहिलेली ही.

फर्करनं तिला टॉवेलात धरलं, तान्ह्या पोराला धरावं तसं.
मी खपली काढली, आतली पिवळी गुठळी काढली,
तळव्याला फोमची गादी बांधली.
ठोकळ्याला हिरवं प्लास्टिकचं गवत गुंडाळायला लावलं.
आणि तीन आठवडे उडायचं नाही.
तीन? तो म्हणाला. मग त्यानं खिडकीतून
बराच वेळ धावपट्टीकडे पाहिलं,
आणि टॉवरला फोन लावला.

निघताना पिअर्सनं मला नवा कागद दिला,
शाई अजून ओलसर.
बाकी सगळं तेच: टेकडी, मेंढ्या, दोर.
फक्त शेवटची ओळ बदललेली:
पक्षी. धोका जास्त. तारीख एकवीसपर्यंत.
माझंच प्रिस्क्रिप्शन, त्यांच्या भाषेत.

धावपट्टीच्या तोंडाशी येऊन मी थांबले.
पुढे सात टिटव्या, डोक्यावर तुरे,
दोराच्या अलीकडे पलीकडे करत
आरामात किडे वेचत होत्या.
पाहुणे विमान, कानात पिअर्सचा आवाज,
तयार झालात की सांगा.

मी म्हटलं, थांबते.
त्यांच्याकडे परवानगी आहे का, विचारून बघा.
तो शिंकला. बहुधा हसलाही.